‘नापास कोणी होत नाही’ म्हणून अभ्यास सोडू नका

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घालायला गेलं, की समुपदेशक धीर द्यायला एक वाक्य हमखास सांगतात. ही फक्त प्लेसमेंट टेस्ट आहे, हिच्यात नापास कोणी होत नाही, काळजी करू नका. वाक्य खरं आहे. पण सांगलीहून किंवा जळगावहून बारावी करून नुकताच मामाच्या घरी उतरलेला मुलगा ते ऐकतो, पुस्तकं बॅगेतच ठेवतो, चार दिवसांनी परीक्षा केंद्रावरच्या संगणकासमोर बसतो आणि तासाभरात मोकळा होऊन घरी येतो. त्या तासाभरावर त्याचे पुढचे सहा महिने, कधी अख्खं वर्ष ठरलेलं असतं. हे त्याला कोणी सांगत नाही, आणि मला चीड येते ती याची.

गणित आणि इंग्रजी या दोनच विषयांची ही परीक्षा. अनेक ठिकाणी ती ‘ॲक्युप्लेसर’ नावाने होते आणि कॉलेज बोर्ड ही संस्था ती चालवते. तिचा आजचा साचा 2016 साली आला. गुण 200 ते 300 या पट्टीवर मिळतात. वाचनाचे 20 प्रश्न, लेखनाचे 25. गणितात अंकगणित, त्यापुढे बीजगणित आणि सांख्यिकी, आणि सर्वांत वर प्रगत बीजगणित, प्रत्येकी 20 प्रश्न. कोणाला कोणता भाग द्यायचा आणि किती गुणांवर कोणत्या वर्गात बसवायचं, हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. गुण कमी पडले तर प्रवेश मिळतो, पण मुलाला आधी पायाभूत वर्गात बसवतात. त्या वर्गाची फी भरावी लागते, हजेरी लागते, गृहपाठ असतो, आणि त्याचं एकही क्रेडिट पदवीत धरलं जात नाही. ग्रीन कार्डवर आलेल्या मुलाला ‘पेल ग्रँट’ ही सरकारी मदत मिळत असेल, तर ती आयुष्यभरात बारा सत्रांपुरतीच असते आणि पायाभूत वर्गावर गेलेला काळ त्यातूनच वजा होतो.

पैशापेक्षाही मोठं नुकसान उमेदीचं होतं. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात कम्युनिटी कॉलेजांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे. तिथल्या थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली 57 कॉलेजांमधल्या अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. गणिताच्या पायाभूत वर्गांकडे धाडलेल्यांपैकी 33 टक्के, आणि वाचनाच्या वर्गांकडे धाडलेल्यांपैकी 46 टक्केच ती साखळी पूर्ण करू शकले होते. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी तर पहिल्या वर्गात पाऊलही टाकलं नव्हतं. पुढे त्याच केंद्रातल्या जुडिथ स्कॉट-क्लेटन यांनी 2012 साली आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली: ही परीक्षा पुष्कळांना चुकीच्या वर्गात बसवते. ज्यांना थेट पदवीचा वर्ग जमला असता, असे किती तरी विद्यार्थी निव्वळ या गुणांमुळे खाली ढकलले जातात, आणि शाळेतले वर्षानुवर्षांचे गुण एका दिवसाच्या परीक्षेपेक्षा अधिक नीट अंदाज देतात. या संशोधनाचा परिणाम झाला. फ्लोरिडाने 2013 च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांमधून नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलांना ही परीक्षा ऐच्छिक केली. ॲक्युप्लेसरची मोठी प्रतिस्पर्धी ‘कंपास’ परीक्षा एसीटी या संस्थेने स्वतःहूनच बंद केली. कॅलिफोर्नियाने 2017 साली कायदा करून शाळेच्या गुणांना पहिला मान दिला.

हे बदल चांगलेच आहेत. पण त्यांचा फायदा मिळतो तो अमेरिकेतल्या शाळेत शिकलेल्या मुलाला. त्याचं प्रगतिपत्रक कॉलेजला वाचता येतं. महाराष्ट्राच्या शिक्षण मंडळाची गुणपत्रिका खिडकीवरच्या माणसाला कळत नाही, आणि कळली तरी भलतीच कळते. आपल्याकडे 68 टक्के म्हणजे पहिला वर्ग. इथल्या शाळेत 68 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, ‘डी’ श्रेणी. ग्रीन कार्डच्या भावंडांच्या कोट्यात ज्या कुटुंबाने पंधरा वर्षांहून अधिक काळ रांगेत काढला, त्यांचा मुलगा वयाच्या अठराव्या वर्षी इथे येतो, आणि त्याच्याबद्दल कॉलेजला विश्वासाने वाचता येईल असा एकच कागद उरतो, तो या परीक्षेचा. म्हणून म्हणते, इथल्या मुलापेक्षा आपल्या मुलाने तिची तयारी अधिक मनापासून करायला हवी.

तयारी म्हणजे नवं काही शिकणं नव्हे. बारावीला संकलन आणि विकलन करून आलेला मुलगा या गणितात अडतो, यावर पालकांचा विश्वास बसत नाही. पण तो अडतो, हे मी शिकवणीच्या टेबलाशी पाहत आले आहे. त्याची सवय सूत्र आठवून पायऱ्या लिहिण्याची असते. इथे प्रश्न असा येतो: खुर्चीची किंमत 80 डॉलर, तिच्यावर 25 टक्के सूट, सूट वजा करून उरलेल्या रकमेवर 7 टक्के विक्रीकर, तर एकूण किती द्यायचे? उत्तर 64 डॉलर 20 सेंट. आकडेमोड सातवीची आहे. पण इंग्रजीतल्या चार ओळी वाचून कशाचे टक्के काढायचे, हे हेरायचं असतं, आणि मराठी माध्यमातून आलेल्याची पहिली ठेच तिथे लागते. पाच फूट दोन इंचांच्या फळीतून दोन फूट नऊ इंच कापले, एका गॅलनमध्ये चार क्वार्ट, निकेल पाच सेंटांचं आणि डाइम दहाचं, बावन्न पत्त्यांत किती चौकट: हे सगळं इथल्या मुलाच्या कानावरून रोज गेलेलं असतं. आपल्या मुलाने ते दोन संध्याकाळी बसून पाठ करावं, त्यात कमीपणा नाही.

त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा. टॅक्सीचं सुरुवातीचं भाडं 3 डॉलर आणि दर मैलाला अडीच डॉलर, तर समीकरण मांडा, हे आपली मुलं झटक्यात करतात. y = 2.5x + 3. पण या समीकरणातल्या 2.5 चा अर्थ काय, असं विचारलं की शांतता पसरते. रेषेचा चढ काढायला शिकवलं, तो चढ टॅक्सीच्या मीटरवर कुठे दिसतो हे शिकवलं नाही. यात मुलांचा दोष नाही. आपल्या प्रश्नपत्रिकांनी ते क्वचितच विचारलं. तेव्हा तयारी करताना प्रत्येक उत्तरानंतर एक वाक्य मोठ्याने बोलायला लावा: हा आकडा कशाचा आहे? मराठीत बोलला तरी चालेल. आधी अर्थ कळू द्या, मग इंग्रजी.

इंग्रजीचा प्रकार याहून नाजूक. मंडळाच्या परीक्षेत सांगितलं तसं वाक्य बदलण्याचा सराव मुलांनी वर्षानुवर्षं केलेला असतो. प्रयोग बदला, ‘टू’ काढून टाका, ‘नो सूनर दॅन’ वापरा. त्यात ती तरबेज असतात. या परीक्षेतल्या लेखनाच्या भागात कोणाचा तरी कच्चा मसुदा समोर येतो आणि प्रश्न असतात की हे वाक्य परिच्छेदात कुठे शोभेल, या दोन वाक्यांमध्ये कोणता दुवा हवा, कोणतं वाक्य विषयाला सोडून आहे. नियम पाठ असून इथे भागत नाही, सलग वाचायची सवय लागते. काही कॉलेजं वेगळा निबंधही लिहायला लावतात. तो 300 ते 600 शब्दांचा असतो, संगणकच तपासतो, आणि त्याला 1 ते 8 गुण असतात. आपल्याकडे निबंधाची सुरुवात सुविचाराने करायची, मधे दोन थोरांची नावं घालायची आणि शेवट उदात्त करायचा, अशी शिस्त लागलेली असते. या निबंधाला हवी असते एक स्पष्ट बाजू, ती का घेतली याची दोन कारणं, आणि प्रत्येक कारणाला स्वतःच्या पाहण्यातलं एक उदाहरण. रोज एक परिच्छेद असा लिहून तो घरातल्या कोणालाही वाचून दाखवला, तर महिन्याभरात फरक पडतो.

परीक्षा देण्याची रीतही इथे उलटी आहे. सोपे प्रश्न आधी, अवघड नंतर, ही आपल्या प्रत्येक शिक्षकाने दिलेली शिकवण इथे लागू पडत नाही. तुम्ही दिलेल्या उत्तरावरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो; उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि मागे परतता येत नाही. चुकीला वजा गुण नाहीत. आणि सर्वांत मोठी गोष्ट, या प्रश्नांना वेळेचं बंधन नाही. सीईटीच्या घड्याळाशी झुंजून आलेला मुलगा सवयीने धावतो. त्याला थांबायला शिकवणं हा तयारीचा अर्धा भाग आहे. वीस प्रश्नांमध्ये प्रत्येक उत्तराचं वजन मोठं असतं, तेव्हा एकेका प्रश्नाला चार मिनिटं द्या, कच्च्या कागदावर आकृती काढा, उत्तर उलटं ताडून बघा. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. काही प्रश्नांपुरताच तो पडद्यावर दिसतो, त्यामुळे अपूर्णांक आणि दशांश हातानेच यायला हवेत.

हे सगळं मी मुलांबद्दल लिहिते आहे, पण माझ्या टेबलाशी येणाऱ्यांत आयाही असतात. पुण्या-नागपूरला बी.कॉम. झालेल्या, लग्नानंतर इथे येऊन मुलं मोठी केलेल्या आणि आता नर्सिंग किंवा अकाउंटिंग शिकू पाहणाऱ्या. त्यांना गणित येत नाही असं नसतं. घराचा हप्ता, कर, मुलांच्या फिया त्या तोंडी मांडतात. मात्र अपूर्णांकांचा भागाकार हाताने करून त्यांना पंचवीस वर्षं झालेली असतात, आणि पहिल्याच चाचणीत अडखळल्या की ‘आता हे आपलं वय नाही’ असं म्हणून त्या अर्ज मागे घेतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की गंज चढला म्हणजे विसरलं असं होत नाही. रोज तासभर, पाच-सहा आठवडे. कॉलेज बोर्डाची सराव सामग्री मोफत आहे, सार्वजनिक ग्रंथालयात बसायला जागा आहे, आणि कित्येक कॉलेजांत परीक्षेपूर्वीचे उजळणी वर्ग असतात. ते आपणहून कोणी सांगत नाही, विचारावे लागतात.

विचारावं लागतं असं आणखीही बरंच आहे. भारतातल्या पदवीचं किंवा बारावीचं मूल्यमापन करून आणलं तर परीक्षेतून सूट मिळेल का? सॅटचे किंवा टोफेलचे गुण चालतील का? मला इंग्रजीची नेहमीची परीक्षा देताय की परभाषिकांसाठीची, आणि का? पुन्हा परीक्षा देता येते का, किती दिवसांनी, फी किती? प्रत्येक कॉलेजचं उत्तर वेगळं येईल. गुणपत्रिकेसोबत मंडळाची श्रेणीची पट्टी छापून न्या, म्हणजे पहिला वर्ग कशाला म्हणतात ते खिडकीवर दाखवता येईल. मोठ्या माणसाला प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून आपली मुलं गप्प राहतात. मामा-मामींनी एकदा सोबत जावं.

आणि कॉलेजांनाही माझं मागणं आहे. नापास कोणी होत नाही, हे सांगून थांबू नका. कमी गुण पडले तर किती फी वाढते आणि पदवी किती सत्रं लांबते, तेही त्याच दमात सांगा, परीक्षेची तारीख देण्याआधी सराव प्रश्न हाती ठेवा. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांशी बोलून ‘वेस्टएड’ संस्थेने 2010 साली जो अहवाल काढला, त्यातही हेच दिसलं होतं: बहुतेकांना परीक्षेचं महत्त्व ती देऊन झाल्यावर कळलं.

इथली सत्रं ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला भरतात आणि परीक्षा केंद्रांवर ऑगस्टमध्येच झुंबड उडते. तेव्हा दिलेल्या परीक्षेचे गुण कमी आले तर पुन्हा देईपर्यंत वर्ग भरून गेलेले असतात. त्यामुळे तयारीला मे महिन्यात लागा आणि परीक्षा जूनच्या अखेरीस द्या. दुसऱ्या खेपेला जुलै अख्खा हाताशी राहील. इथल्या मराठी शाळा उन्हाळ्यात बंद असतात, महाराष्ट्र मंडळांची सभागृहं रविवारी रिकामी असतात. तिथे एक फळा, दोन जाणती मंडळी आणि सराव प्रश्नांच्या प्रती एवढीच सोय झाली तरी या वर्षी आलेल्या सगळ्या मुलांना बसता येईल.