असीरगडाचे दोन साक्षीदार

खानदेशच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक दिवस कोणता, असे जळगावच्या वा धुळ्याच्या सुशिक्षित गृहस्थाला विचारले, तर बहुधा इंग्रजी अमदानीतील एखादी तारीख पुढे येईल. जानेवारी १६०१ हे उत्तर क्वचितच मिळेल. त्या महिन्यात असीरगड अकबराच्या हाती पडला, थाळनेरपासून बऱ्हाणपूरपर्यंत दोनशे वर्षे नांदलेली फारुकी सत्ता संपली आणि हा सारा मुलूख मोगल साम्राज्याचा सुभा झाला. शाहजादा दानियालच्या नावावरून त्याचे ‘दानदेश’ असे नवे बारसेही झाले. भुसावळहून खांडव्याकडे जाणारी गाडी रावेर सोडते आणि थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. आज तो भाग मध्य प्रदेशात मोडतो, एवढ्यावरून तो आपल्या इतिहासातूनही वजा झाला असे समजायचे काय?

या वेढ्याचा पहिला साक्षीदार अबुल फजल. तो केवळ बादशहाचा इतिहासकार नव्हे. किल्ल्याचे मालेगड हे बाहेरचे ठाणे घेण्यात तो स्वतः होता. वार्ताहर आणि सेनानी एकच! दरबारी वृत्तान्ताप्रमाणे किल्ल्यात रोगराई पसरली, शिबंदीचा धीर सुटला आणि बहादूरखान फारुकी शरण आला.

दुसरा साक्षीदार मात्र अनपेक्षित आहे. अकबराच्या छावणीत त्या वेळी दोन कॅथलिक धर्मसेवक होते. एक जेरोम झेवियर. गोव्यात ज्यांचे शव जतन केले आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांच्याच घराण्यातला, नात्याने नातू लागणारा हा जेझुइट पाद्री १५९५ पासून मोगल दरबारात होता. दुसरा बेंतो द गोइस. अझोर्स बेटांवर जन्मलेला आणि हिंदुस्थानात शिपाई म्हणून आलेला हा माणूस पुढे जेझुइट संघात शिरला. पण पाद्री न होता साधा सेवकबंधूच राहिला. या मंडळींची पत्रे गोव्यामार्गे युरोपात जात. त्यांच्या आधारे फेर्नाव ग्वेरेरोने १६०३ साली पोर्तुगीजमध्ये आणि पुढे द्यु जारिकने फ्रेंचमध्ये वृत्तान्त छापले.

त्यांत असीरगडाची हकीकत अगदी निराळी आहे. गादीचे सात वारस राजपुत्र किल्ल्यातच ठेवण्याचा फारुकींचा प्रघात, किल्ल्याचा हबशी अधिकारी, तोफा सांभाळणारे सात पोर्तुगीज असे तपशील तीत येतात. अकबराने स्वतःच्या मस्तकाची शपथ घेऊन बहादूरला भेटीस बोलावले, तो गळ्यात वस्त्र अडकवून आला, लवून मुजरे करीत असतानाच एका सरदाराने त्याला खाली पाडले आणि तो कैद झाला. हबशी अधिकाऱ्याच्या मुलाला ठार मारण्यात आले, तेव्हा बापाने स्वतःचा गळा आवळून घेतला. उरलेल्या शिबंदीसाठी मग सोन्याची थैली मोकळी झाली. रोगराईचा येथे मागमूस नाही. व्हिन्सेंट स्मिथने १९१७ च्या आपल्या अकबर-चरित्रात हीच हकीकत खरी मानली आणि दरबारी कथन बनावट ठरविले. पुढील अभ्यासकांनी त्यावर आक्षेपही घेतले.

मग पाद्र्याचा शब्द प्रमाण मानावा काय? मुळीच नाही. ही पत्रे युरोपातील श्रद्धाळू वाचकांसाठी छापली जात, आणि अकबर आज ना उद्या बाप्तिस्मा घेईल ही आशा त्यांच्या ओळीओळीत आहे. वेढा रेंगाळला तेव्हा चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा व दारूगोळा मागविण्यासाठी पत्र लिही, असे अकबराने झेवियरला फर्मावले. हे कृत्य ख्रिस्ती धर्माला धरून नाही, असे सांगून त्याने नकार दिला. बाणेदारपणाच म्हणायचा! परंतु पोर्तुगीजांचे खानदेशच्या सुलतानाशी तेव्हा सख्य होते, हे विसरून चालणार नाही. झग्याआड झेंडा होता की नाही, याचा निवाडा वाचकानेच करावा. बादशहा इतका खवळला की दोघांनाही गोव्याची वाट धरण्याचा हुकूम सुटला. वाटेत मारले जाल, राग निवळेपर्यंत येथेच थांबा, असा सल्ला एका सरदाराने दिला म्हणून ते वाचले. किल्ला पडल्यावर कैद झालेले पोर्तुगीज झेवियरच्याच स्वाधीन करण्यात आले. तटाच्या आतील बातम्या त्याला याच कैद्यांनी सांगितल्या असाव्यात, असा आमचा तर्क आहे. आणि तो बरोबर असेल तर ती पराभूतांच्या बाजूची साक्ष ठरते. अबुल फजलाच्या पानांत तिला जागा मिळणे शक्यच नव्हते.

गोइसची पुढची कहाणी तर कादंबरीला लाजवील अशी आहे. बऱ्हाणपूरहून तो १६०१ मध्ये अकबराच्या वकिलाबरोबर गोव्याला गेला. पुढे व्यापाऱ्याच्या वेषात लाहोर, काबूल, यार्कंद असा प्रवास करीत तो चीनच्या सीमेवरील सुचौला पोहोचला आणि १६०७ मध्ये तेथेच वारला. जुन्या प्रवाशांचा ‘कॅथे’ देश म्हणजे चीनच, हे युरोपला त्याच्या या पायपिटीने कळले. तापीकाठची धूळ पायाला लागलेला हा माणूस खानदेशात किती जणांना ठाऊक आहे?

अस्सल कागदाखेरीज इतिहास नाही, हे राजवाड्यांनी आयुष्यभर सांगितले. १९२६ साली त्यांनी देह ठेवला तो धुळ्यातच. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे १९२७ पासून उभे आहे. जळगावला विद्यापीठ आहे. गोव्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरांतून मराठ्यांचा इतिहास कसा उपसून काढला, हा धडाही समोर आहे. पाद्र्याने लिहिले म्हणून टाकाऊ आणि युरोपीयाने लिहिले म्हणून ब्रह्मवाक्य, या दोन्ही वृत्ती सारख्याच आळशी आहेत. मंडळाने आणि विद्यापीठाने मिळून खानदेशातील दोन हुशार तरुणांना पोर्तुगीज शिकण्यासाठी गोव्याला पाठवावे, आणि ते परतले की ग्वेरेरोची असीरगडावरील पाने व अबुल फजलाचे कथन समोरासमोर, मराठीत, टीपांसह छापावे. खर्च फार नाही. एखाद्या सत्कार समारंभाच्या मांडवाइतका.