खोली, खानावळ आणि सोबत

शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी पुण्याच्या एस.टी. स्थानकांवर एक दृश्य दरवर्षी दिसते. बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्याकडून आलेल्या गाड्यांतून मुले-मुली उतरतात. एका हातात मोठी बॅग, दुसऱ्या हातात अंथरुणाची वळकटी आणि खांद्याला आईने भरून दिलेल्या लाडू-चिवड्याच्या डब्यांची पिशवी. सोबत आलेले वडील खोलीचे भाडे ठरवतात, खानावळीचा महिना भरतात, शुल्काची पावती जपून पाकिटात ठेवतात आणि रात्रीच्या गाडीने माघारी जातात. त्यांच्या हिशेबाच्या वहीत तीन रकाने असतात : शुल्क, खोली आणि खानावळ. चौथा रकाना त्यांच्या मनातही आलेला नसतो. तो मुलाला पंधरा-वीस दिवसांनी उमगतो. हा चौथा रकाना सोबतीचा.

वर्गात ओळखी होतात, पाच-सहा जणांचा गट जमतो, आणि एका शनिवारी कोणाचा तरी वाढदिवस येतो. एखाद्या कॅफेत जमायचे ठरते. खोलीच्या भाड्यासाठी वडिलांनी सोयाबीनच्या पैशांची वाट पाहिली, हे ज्याला ठाऊक आहे, तो मुलगा दाराशी लावलेली दरांची पाटी आधी वाचतो. आत गेल्यावर तो सर्वांत स्वस्त पदार्थ मागवतो. उठताना मात्र बिलाची समान वाटणी होते आणि त्याच्या वाट्याला खानावळीच्या चार-पाच जेवणांचे पैसे येतात. दुसऱ्या वेळी तो पोट बिघडल्याचे सांगतो. तिसऱ्या वेळी त्याचा उपास असतो. पुढे त्याला कोणी विचारत नाही. कोणी त्याला हेतुपुरस्सर वगळलेले नसते. ‘त्याला आवडत नाही बहुधा’ एवढाच सर्वांचा समज झालेला असतो.

पूर्वीच्या विद्यार्थ्यांनाही ही अडचण होती. परंतु तिला काही पळवाटा होत्या. उपाहारगृहाच्या मालकाकडे उधारीची वही असे. मित्राचे देणे मनीऑर्डर येईपर्यंत थांबत असे, आणि न दिलेले पैसे कित्येकदा विसरलेही जात. 2016 मध्ये भ्रमणध्वनीवरून तत्काळ पैसे पाठवण्याची यूपीआय व्यवस्था आली. तिने व्यवहार सोपा केला, यात शंका नाही. पण कोणी किती द्यायचे हे आता त्याच रात्री, पैशापैशाच्या अचूकतेने सर्वांसमक्ष गटावर येते. न देणारा सर्वांना दिसतो. मैत्रीमध्ये हिशेबाचे जे थोडे धूसरपण असे, ते नाहीसे झाले आणि ज्याच्या खिशात कमी, त्याची लपण्याची जागाही गेली.

यावर कोणी म्हणेल की, विद्यार्थिदशा ही चैनीसाठी नसतेच. विद्यार्थ्याने सुखाच्या मागे लागू नये, ही शिकवण जुनी आहे आणि ती योग्यही आहे. परंतु चैन आणि सोबत या दोन गोष्टी एक नव्हेत. गुरुकुलातील विद्यार्थी काटकसरीने राहत होता. एकटा राहत नव्हता. त्याच्या सभोवती सहाध्यायी होते, एकत्र भोजन होते, एकत्र श्रम होते. कष्टाचे जीवन अनेकांना पुरून उरले, ते कष्टाला सोबत होती म्हणून. आजच्या महानगरात मात्र सोबत हीच चैनीची वस्तू होऊन बसली आहे. खरी चिंता आहे ती ही.

विद्येसाठी परगावी येणाऱ्या मुलाची जबाबदारी समाजाने घ्यावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात वार सात घरांमध्ये वाटलेले असत. या पद्धतीत माया होती, तसे उणेपणही होते. काही घरी पान सन्मानाने वाढले जाई, काही घरी ओसरीच्या कोपऱ्यात. शिवाय ही दारे बहुधा जातीच्या उंबरठ्यापाशी थांबत. सर्वांसाठी ती उघडी नव्हती.

ही त्रुटी ज्यांनी ओळखली, त्यांनी पुढचे पाऊल टाकले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून विविध समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीला बसत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. पुण्यात 1955 मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहाय्यक समिती उभी राहिली. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनी स्वावलंबनाने आणि श्रमाचा मान राखून शहरात शिकावे, हा तिचा आग्रह. पुणे विद्यापीठातील ‘कमवा व शिका’ योजनेला कर्मवीरांचे नाव आहे, तेही याच परंपरेला धरून.

या सर्व प्रयत्नांत एक समान सूत्र आढळते. निवारा, अन्न आणि सोबत या तिन्ही गोष्टी तेथे एकाच चुलीभोवती मिळत होत्या. मुलाला मित्र मिळावेत यासाठी वेगळी योजना करावी लागत नव्हती. भाकऱ्या थापताना, ताटे घासताना, झाडलोट करताना मित्र मिळत होते. आज या तीन गोष्टी वेगळ्या झाल्या आहेत. निवारा म्हणजे ‘कॉट बेसिस’वर मिळालेली एका खोलीतील चौथी खाट. अन्न म्हणजे दाराशी ठेवलेला किंवा घाईत उरकलेला खानावळीचा डबा. आणि सोबत बाजारात, दर वाचून घ्यायची.

शासनाच्या योजनांतही हा चौथा रकाना सहजासहजी दिसत नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना राबवली गेली. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरवण्यात आले : भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000. योजना स्तुत्य आहे आणि तिने अनेकांचे शिक्षण तारले. पण निर्वाहाच्या 8,000 रुपयांना बाराने भागले, तर महिन्याला जेमतेम 666 रुपये येतात. बसभाडे, साबण-तेल, भ्रमणध्वनीचे शुल्क यांतून निघाल्यावर मित्रासोबत प्यायच्या चहासाठी काय उरते, याचे गणित त्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असते.

विद्यार्थिनींच्या बाबतीत हे गणित आणखी अवघड होते. मुलगा रात्री नऊ वाजता भरत नाट्य मंदिरातून खोलीवर चालत जाऊ शकतो. मुलीला तेच अंतर रिक्षाने कापावे लागते, आणि वसतिगृहाचे दार बंद होण्याआधी पोहोचावे लागते. रिक्षाचे भाडे तिच्यासाठी चैन नाही. ती सुरक्षिततेची किंमत आहे. परिणामी नाटकाची तालीम असो की व्याख्यान, ‘मला जमणार नाही’ हे उत्तर तिला अधिक वेळा द्यावे लागते.

यात गमावले काय जाते? केवळ करमणूक नव्हे. शिष्यवृत्तीची मुदत कधी संपते, कोणते पुस्तक कोणाकडे मिळेल, कोठे अर्धवेळ काम आहे, मुलाखतीला काय विचारतात, हे सारे सूचनाफलकावर नसते. ते गप्पांतून कळते. गप्पांतून दूर राहिलेला विद्यार्थी या ज्ञानापासूनही दूर राहतो. चारचौघांत बोलण्याचे धैर्य तेथेच येते. घरची आठवण, अपयशाची भीती, मनात दाटलेले मळभ हे सांगायलाही कोणी लागते. आणि समाजाच्या दृष्टीने हानी याहून मोठी आहे. लातूरच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि कोथरूडच्या अभियंत्याचा मुलगा आयुष्यात बहुधा प्रथमच विद्यापीठात एका बाकावर बसतात. वर्ग सुटल्यावर त्यांच्या वाटा खिशानुसार वेगळ्या होणार असतील, तर ते दोघे एकमेकांना पुन्हा कधी भेटणार? समरसता ही व्यासपीठावरून शिकवण्याची गोष्ट नाही. ती एका ताटात जेवताना अंगवळणी पडते.

सुदैवाने, खिशाला न विचारणारे पुणे अद्याप पुरते संपलेले नाही. 1949 मध्ये स्थापन झालेल्या आणि 2014 पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाचा परिसर 411 एकरांचा आहे. तेथील वडाखाली बसायला कोणी पैसे मागत नाही. वेताळ टेकडीवर पहाटे सर्वांना सारखीच हवा मिळते. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आहे. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने 1963 मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या निमित्ताने महाविद्यालयांच्या तालमी रंगतात. तेथे नेपथ्य उचलणारा, प्रकाशयोजना सांभाळणारा आणि प्रमुख भूमिका करणारा एकाच कागदावरचा वडापाव वाटून खातात. 1969 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवस एका गावी राहून मुले बंधारा बांधतात आणि परतताना आयुष्यभराचे मित्र घेऊन येतात. गणेशोत्सवाआधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तेथे शेजारच्या वादकाचे वडील काय करतात, हे कोणी विचारत नाही. एकत्र काही करायचे असते, तेथे माणसाचे हात पाहिले जातात. एकत्र केवळ खर्च करायचा असतो, तेथे खिसा पाहिला जातो.

म्हणून उपाय फार दूरचे नाहीत. महाविद्यालयांनी आपली मैदाने, सभागृहे आणि वाचनालये तास संपताच कुलूपबंद न करता संध्याकाळी विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवावीत. सहल किंवा स्नेहसंमेलन ठरवताना वर्गणीचा आकडा वर्गातील सर्वांत गरीब विद्यार्थ्याला समोर ठेवून निश्चित करावा. ‘ऐच्छिक’ म्हणून सांगितलेला, पण न घेणारा उघडा पडेल असा एकसारख्या टी-शर्टांचा सोस टाळावा. विद्यार्थिनींच्या तालमी वेळेत संपतील आणि त्या गटाने परततील, एवढी व्यवस्था तरी प्राध्यापकांना सहज करता येईल. सुस्थितीतील मुलांनी मित्राचे बिल भरण्याची गरज नाही. त्याने मित्राला ओझेच वाटेल. बसण्याची जागा निवडताना त्याची आठवण ठेवली, तरी पुरे. टपरीवरचा चहा कॅफेतल्या कॉफीहून मैत्रीला कमी मानवतो, असा कोणाचाच अनुभव नाही.

पुणेकर कुटुंबांनीही वार लावण्याची जुनी रीत नव्या स्वरूपात आठवून पाहावी. दिवाळीच्या सुट्टीत परीक्षेमुळे गावी न गेलेले, संक्रांतीला खोलीवर बसून राहिलेले दोन विद्यार्थी एका दिवशी जेवायला बोलवावेत. त्यांची जात विचारू नये, त्यांना उपकार जाणवू देऊ नयेत. घरच्या मुलांच्या पंगतीतच त्यांचे पान मांडावे. एका शहरातील काही हजार घरांनी वर्षातून चार वेळा एवढे केले, तरी अनेक मुलांना हे शहर परके वाटणार नाही.

आणि गावाकडच्या आईवडिलांसाठी एक छोटी सूचना. रात्रीच्या फोनवर ‘जेवलास का?’ हा प्रश्न ते न चुकता विचारतात. मुलगा उपाशी असला तरी ‘हो’ म्हणतो. त्याच्याच जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : ‘कोणाबरोबर जेवलास?’ या प्रश्नाला मुलाने चटकन एक नाव घेतले, तर निश्चिंत झोपावे. तो थोडा थांबला, तर त्या आठवड्यात पुण्याची गाडी पकडावी.