अडगळीतला संगणक आणि मोहल्ल्याचे इंटरनेट

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ बऱ्याच जुन्या संगणकांवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे धडधाकट यंत्रेही अडगळीत जात आहेत. काही जण सदका म्हणून ती मदरशाला किंवा मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेला देतात, पण तिथेही ती धूळच खातात. माझ्या मते त्यातला एक संगणक अभ्यासिकेचा राऊटर व्हावा. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनला मान्य नाही, ती यंत्रांचीही नसावी.

त्यासाठी दोन नेटवर्क पोर्ट लागतात. एकात ब्रॉडबँडची तार येते, दुसऱ्यातून स्विचला जाते. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी किंवा ओपीएनसेन्स ही मोफत प्रणाली टाकायची. वायफायसाठी आधीचाच छोटा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून जोडता येतो.

याचा उपयोग काय? एकाच कनेक्शनवर वीस मुले असतात. एकाने मोठा व्हिडिओ उतरवायला घेतला की शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीचे पान अडकते. या राऊटरवर प्रत्येकाला सारखा वाटा ठरवून देता येतो. स्वस्त राऊटरचे सुरक्षा अपडेट कंपन्या काही वर्षांनी बंद करतात, इथे मात्र ते मिळत राहतात.

विजेचा हिशोब मात्र आधी करावा. ६० वॅट घेणारा डेस्कटॉप दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे ४३ युनिट जळतात, रोज सहा तास चालला तर ११. जुना लॅपटॉप याहून बराच कमी घेतो. घरासाठी छोटा राऊटरच बरा, हा खटाटोप सामायिक जागेसाठी आहे.

खरा प्रश्न पुढचा आहे. राऊटर ज्याच्या हाती, त्याला कोण कोणत्या संकेतस्थळावर जाते हेही पाहता येते. ही अमानत आहे. मुलींवर पाळत ठेवायला ती वापरली, तर पालक त्यांना अभ्यासिकेतूनच काढतील. म्हणून काय बंद आणि काय खुले, हे फळ्यावर लिहावे आणि नियम मुलामुलींना सारखाच असावा. पासवर्ड कमिटीच्या एकाच माणसाकडे नको. तिथेच शिकणाऱ्या एका मुलाला आणि एका मुलीला हे काम शिकवून त्यांच्याकडे सोपवावे. राऊटर बाजारात विकत मिळतो, पण तो चालवण्याची अक्कल आणि जबाबदारी आपल्याच मुलामुलींच्या अंगी यायला हवी.