अपशकुनी जागा

आपल्या समाजात एक समज फार खोलवर रुजलेला आहे. एखाद्या जागी एक दुकान निघाले व बुडाले, दुसरे निघाले तेही बुडाले, की शेजारीपाजारी मान हलवून म्हणतात, "ती जागाच अपशकुनी आहे. तेथे कोणाचे भले व्हायचे नाही." एकदा हा शिक्का बसला की तो पुसून काढणे कठीण. पुढे येणारा माणूस कितीही कष्टाळू असो. त्याच्या आधी जागेची अपकीर्ती त्याच्या दारात येऊन बसते. जागेला खरोखरच शकुन-अपशकुन असतो काय? आणि नसल्यास, एकाच जागी एकामागून एक माणसे का बुडतात? या दोन प्रश्नांचा आपण येथे विचार करू.

त्यासाठी नागपुरातील एखादी स्वस्त खाणावळ डोळ्यांपुढे आणा. नागपूर हे मोठ्या मुलखाचे शहर. विदर्भातील खेड्यापाड्यांतून, तसेच शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांतून असंख्य माणसे येथे येतात. कोणी आपल्या आजारी माणसाला 'मेडिकल'मध्ये घेऊन येतो, कोणी कळमन्याच्या बाजारात माल आणतो, कोणी शिकण्यासाठी येतो, तर कोणी मजुरीच्या शोधात. या सर्वांना दुपारी थोड्या पैशांत पोटभर वरण-भात, पोळी आणि भाजी हवी असते. श्रीमंतांचे उपाहारगृह बंद पडले तर ते दुसरीकडे जातात. परंतु गरिबाची खाणावळ बंद पडली, तर त्याला एका आलूबोंड्यावर आणि पेलाभर पाण्यावर दिवस काढावा लागतो. म्हणून अशा खाणावळीचे जगणे-मरणे हा केवळ तिच्या मालकाचा प्रश्न नव्हे.

आता तिचा हिशेब पाहा. समजा, जागेचे भाडे दिवसाला ६०० रुपये पडते. रोज ६० थाळ्या खपल्या, तर प्रत्येक थाळीवर भाड्याचा भार १० रुपये पडेल. परंतु थाळ्या २०च खपल्या, तर तोच भार ३० रुपये होईल. हे वाढलेले २० रुपये आणायचे कोठून? थाळीची किंमत वाढवावी, तर उरलेले गिऱ्हाईकही जाते. न वाढवावी, तर पदरचे घालावे लागते. शिवाय शिजलेले अन्न कापडासारखे उद्यापर्यंत ठेवता येत नाही. ६० जणांचा स्वयंपाक करून २० जण आले, तर उरलेला वाया जातो. आणि बेताचाच केला, तर उशिरा आलेला उपाशी परततो व पुन्हा येत नाही. ओस पडलेली बाके पाहून रस्त्याने जाणारा मनात म्हणतो, "येथे कोणी जेवत नाही, त्या अर्थी अन्न बरे नसावे." अशा रीतीने गिऱ्हाईक नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही. यात अपशकुन कोठेच नाही. आहे ते साधे गणित.

मग आरंभी गिऱ्हाईक का येत नाही? 'नाचता येईना, अंगण वाकडे' अशी म्हण आपण हसत हसत वापरतो, आणि पुष्कळदा ती खरीही असते. पोळी कच्ची व वरण पाणचट असेल, तर जागेला बोल लावणे व्यर्थ. परंतु कधीकधी अंगण खरोखरच वाकडे असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी पायी चालणारा मनुष्य सावलीची बाजू सोडून उन्हाच्या बाजूला सहसा जात नाही. रस्त्याच्या मधोमध दुभाजक घातला आणि ओलांडायची वाट दूर राहिली, तर समोर दिसणारी खाणावळही परक्या गावाइतकी लांब होते.

कधी रस्ताच बदलतो. नागपूरच्या वर्धा मार्गावर खाली जुना रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रोची वाट, असा ३.१४ किलोमीटर लांबीचा दुमजली पूल उभा आहे. त्यावरील वाहतूक १३ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली. अशा पुलाने प्रवाशाचा वेळ वाचतो व कोंडी कमी होते, यात शंका नाही. परंतु जी वाहने पूर्वी दारावरून जात, ती आता डोक्यावरून जातात. वरून जाणाऱ्याला खालची पाटी दिसत नाही. पूल सर्वांच्या सोयीसाठी असतो, म्हणून तो बांधू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्यांच्या दारावरून लोकांची वाट अशी दूर गेली, त्यांना 'तुझे नशीबच खोटे' असे सांगणे हा मात्र अन्याय होय.

जागेविषयीचे समज किती पोकळ असतात, हे मुंबईच्या इराणी उपाहारगृहांवरून कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून आलेल्या मंडळींनी मुंबईत चहा, पाव आणि मस्का यांची स्वस्त उपाहारगृहे काढली. असे सांगतात की, रस्त्याच्या कोपऱ्यावरील जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती घेत नसत. म्हणून अशा जागा या नवागतांना मिळाल्या. त्यांनी शकुन पाहिला नाही, रस्ते पाहिले. कोपऱ्यावर दोन रस्त्यांची माणसे येतात, दोन बाजूंनी उजेड व वारा येतो, आणि दुरूनही दार दिसते. ज्याला लोक दोष म्हणत होते, तोच त्यांच्या धंद्याचा गुण ठरला. पुण्यात १९३५ साली फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी निघालेल्या अशाच एका उपाहारगृहाचे नावच 'गुडलक', म्हणजे सुदैव! आज त्या चौकालाही लोक गुडलक चौक म्हणतात. पुढे काळ पालटला, लोकांच्या आवडी बदलल्या, आणि मुंबईतील बहुतेक इराणी उपाहारगृहे बंद पडली. म्हणून ते कोपरे पुन्हा अशुभ झाले, असे म्हणायचे काय?

यावर कोणी म्हणेल, "अन्न उत्तम असेल तर जागा कशीही असो, लोक शोधीत येतील." नागपूरचे सावजी जेवण या म्हणण्याला आधार देते. हे झणझणीत जेवण मूळचे हलबा कोष्टी समाजाचे, म्हणजे कापड विणणाऱ्यांचे. विणकरांच्या जुन्या वस्त्यांतील अरुंद गल्ल्यांत सावजी भोजनालये निघाली, आणि त्या रश्श्याच्या ओढीने दूरदूरचे लोक तेथपर्यंत जातात. हे उदाहरण खरे आहे. परंतु ते सर्वांना लागू पडत नाही. सावजी रस्सा खाण्यास जाणारा हौसेने जातो. त्याच्यापाशी वेळ असतो. रोजच्या साध्या थाळीचे तसे नाही. मजुराला जेवणाची सुटी अर्धा तास. आजाऱ्याच्या नातेवाइकाला खाटेजवळून फार वेळ हलता येत नाही. तो चवीचा शोध घेत गल्लोगल्ली फिरेल कसा? म्हणून जेवण जितके स्वस्त, तितकी त्याची जागा महत्त्वाची; आणि नेमकी स्वस्त खाणावळच भाडे परवडत नाही म्हणून आडबाजूला ढकलली जाते. खरी अडचण ही आहे.

ही अडचण ओळखली की उपायही सुचतात. महाराष्ट्र शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी १० रुपयांत जेवण देणारी शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा तिची केंद्रे रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके, बाजारपेठा अशा गरिबांच्या वर्दळीच्या ठिकाणी असावीत, असे ठरविले. मुहूर्त कोणताही असो, जागा मात्र कारण पाहून निवडली. खाणावळवाल्यालाही हेच करता येते. गिऱ्हाईक दारी येत नसेल, तर डबा त्याच्या दारी पोहोचविता येतो. मुंबईचे डबेवाले १८९० सालापासून घरचे जेवण कामाच्या जागी नेऊन देत आले आहेत. रस्त्याची कामे करणाऱ्यांनीही पायी चालणाऱ्यांसाठी ओलांडायची वाट व दिशा दाखविणारी पाटी यांची सोय ठेवली, तर कितीतरी लहान दुकाने तग धरतील.

आणि आपण काय करावे? दयेपोटी बेचव अन्न खावे, असे मुळीच नाही. दयेचे गिऱ्हाईक दोन दिवसांचे असते, आणि कष्टाळू माणसाला ते नकोही असते. आपण इतकेच करावे की, ऐकीव बोलावर त्याचा निकाल लावू नये. एकदा आत जावे, जेवून पाहावे, आणि मग आपले मत बनवावे. अन्न वाईट असेल तर तसे त्यालाच स्पष्ट सांगावे. चांगले असेल तर दुसऱ्या चौघांना सांगावे. 'ती जागा अपशकुनी आहे' हे वाक्य उच्चारायला काही लागत नाही. परंतु तेच वाक्य शंभर तोंडांतून निघाले की चुलीवरचे भांडे उतरते, आणि भाकीत खरे झाले म्हणून लोक पुन्हा मान हलवितात. आपणच विझविलेल्या चुलीचा दोष आपण जमिनीला देतो.

जमीन कोणाचे बरे करीत नाही आणि वाईटही करीत नाही. बरेवाईट घडते ते कारणांनी, आणि त्या कारणांपैकी एक आपली जीभ असते. म्हणून कोणाच्या अपयशाविषयी बोलण्यापूर्वी कारण शोधावे. ते सापडले तर उपाय सांगावा. न सापडले तर निदान अपशकुनाचा शिक्का मारण्यापासून तरी आपली जीभ आवरावी.