रिमोट कोणाच्या खिशात?

आमच्या पिढीतील माजी विद्यार्थ्यांना वसतिगृहाच्या सभागृहातील तो टीव्ही आठवत असेल. लाकडी कपाटात तो कुलूपबंद असे आणि किल्ली गृहपाल सरांकडे असे. रविवारी सायंकाळी कपाट उघडले की सतरंजीवर लहान मुले पुढे आणि मोठी मागे, असा क्रम आपोआप लागे. पडद्यावर मुंग्या दिसू लागल्या की एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची, दुसऱ्याने जिन्यात उभे राहायचे आणि आतल्यांनी ओरडायचे. वरून प्रश्न येई, "आलं का?" खालून उत्तर जाई, "अजून थोडं... गेलं, गेलं, मागं घे!" मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे टीव्ही पाहणे हे अशा चार जणांच्या मेहनतीने होणारे काम होते. आवाज वाढवायचा तर उठून संचाचा कान पिळावा लागे आणि कोण उठला हे सर्वांना दिसत असे.

पुढे रिमोट आला. परदेशात त्याची कथा बरीच जुनी आहे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० मध्ये तारेने जोडलेला रिमोट बाजारात आणला. १९५५ मध्ये यूजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोताने चालणारा बिनतारी रिमोट तयार केला. १९५६ मध्ये रॉबर्ट अॅडलर यांचा ध्वनिलहरींवर चालणारा रिमोट आला. त्याला सेलसुद्धा लागत नसे. बटण दाबले की आत छोटी हातोडी धातूच्या कांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा तो नाद संच ओळखी. आपल्या घरांत आलेले रिमोट बहुतेक अवरक्त किरणांचे. तंत्र बदलत गेले, तरी रिमोट ही घरातील सर्वांची वस्तू राहिली. तो फडताळावर असे, उशीखाली सापडे, त्यावरून भावंडांची भांडणे होत. परंतु तो कोणा एकाचा नव्हता.

आज रिमोटचे काम मोबाइल फोन करू लागला आहे. त्याचे प्रकार दोन. काही फोनच्या वरच्या कडेला अवरक्त किरणांचा बारीक दिवा असतो. त्याला इंटरनेट लागत नाही; अॅपमध्ये टीव्हीची कंपनी निवडली की तो साध्या रिमोटसारखाच संकेत पाठवितो. दुसरा प्रकार स्मार्ट टीव्हीचा. त्यात फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असावे लागतात. पहिल्यांदा जोडताना बहुधा पडद्यावर एक संकेतांक उमटतो, तो फोनमध्ये भरला की ओळख पक्की होते.

या सोयीला आमचा विरोध नाही. पडद्यावरील एकेक अक्षर बाणाने गाठत चित्रपटाचे नाव लिहिणे किती कंटाळवाणे असते, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. फोनवर तेच नाव देवनागरीत क्षणात लिहिता येते किंवा नुसते बोलता येते. रिमोट हरवला असेल, तर नवा मिळेपर्यंत फोन वेळ निभावून नेतो. ज्यांना लहान बटणे दिसत नाहीत, त्यांना बोलून टीव्ही चालविता येणे हा मोठाच आधार आहे. आमचा आक्षेप एवढाच की, मदतीला आलेला फोन पाहता पाहता रिमोटची जागाच घेतो आणि जी वस्तू सर्वांची होती ती एकाच्या खिशात जाते.

हे आम्हांला कळले ते आमच्याच चुकीतून. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आम्ही गावी गेलो, तेव्हा टीव्हीचा रिमोट बंद पडला होता. सेल आतच पाझरले होते आणि स्प्रिंगला गंज चढला होता. आमच्या फोनला अवरक्त दिवा होता. पाच मिनिटांत अॅप घेतले, टीव्ही सुरू करून दाखविला आणि गंजलेला रिमोट केरात टाकला. पुतण्यांनी कौतुक केले. आईही हसली. चार दिवसांनी सुटी संपली आणि फोनसह आम्ही शहरात परतलो.

पुढे महिन्याभराने पुन्हा जाणे झाले, तर टीव्हीवर फडके अंथरलेले. विचारल्यावर आई म्हणाली, "लाइट गेली अन् परत आली, तवापासून नुसता लाल दिवा पेटतो. मला वाटलं, मेलंच ते. पोरं कामात असतील, त्यांना कुठं सांगत बसायचं!" छत्रीच्या खोक्याचा रिमोट शाबूत होता, वाहिन्या बदलत होत्या, परंतु संच जागा करणारे बटण आमच्या खिशात, दीडशे कोसांवर होते. दिवसभर शेतात राबून संध्याकाळी तासभर मालिका पाहणे एवढीच आईची करमणूक, आणि ती आम्ही नकळत स्वतःबरोबर घेऊन गेलो होतो. तिने तक्रार केली नाही, याचे आम्हांला अधिक वाईट वाटले. यंत्र बंद पडले की दोष आपल्या अडाणीपणाचा, असे मानून गप्प बसणाऱ्या पिढीची ती आहे.

यावर कोणी म्हणेल की, मग आईलाच स्मार्टफोन घेऊन द्यावा. द्यावा, जरूर द्यावा. परंतु आवाज कमी करण्यासाठी नव्हे. फोन आधी चार्ज असावा लागतो, मग त्याचे कुलूप उघडावे लागते, अॅप शोधावे लागते, आणि तेवढ्यात कोणाचा तरी फोन येतो. रिमोटचे बटण बोटाला कळते. पुष्कळशा रिमोटवर ५ या अंकावर एक बारीक उंचवटा असतो. अंधारातही त्यावरून बाकीचे अंक सापडतात. फोनची काच सर्वत्र सारखीच गुळगुळीत असते. निरक्षर माणसालाही रिमोट वापरता येतो, कारण त्याची बटणे आपली जागा सोडत नाहीत.

दुसरी बाजू वसतिगृहाची. सामायिक सभागृहात रिमोट ज्याच्या हाती, तो सर्वांना दिसतो. त्याच्याशी वाद घालता येतो, त्याला विनवता येते, पाळी ठरविता येते. अवरक्त दिव्याचा फोन मात्र मागच्या रांगेतील मुलाच्या मांडीवर असतो. क्रिकेटचा सामना रंगात आला असता वाहिनी बदलते, आवाज बंद होतो, आणि हात कोणाचा हे कळत नाही. मग संशय भलत्यावरच जातो. गंमत म्हणून हे एकदा खपून जाईल. परंतु शंभर मुले एकत्र राहतात तेथे निर्णय कोणी घेतला हे दिसणे ही लहान गोष्ट नाही. ज्याचा अधिकार दिसतो, त्यालाच जाब विचारता येतो. सतरंजीवर बसून आपण हे शिकलो. आजच्या मुलांनाही ते शिकायला मिळावे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमच्या काही सूचना आहेत. घरातील बटणांचा रिमोट बंद पडला म्हणून लगेच टाकू नये. सेल बदलावेत, गंज पुसावा आणि रिमोटचे तोंड फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला, तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, तर पुढच्या कॅमेऱ्यात पाहावा. रिमोट खरोखरच गेला असेल, तर संचाला जुळणारा दुसरा रिमोट तालुक्याच्या बाजारात सहसा मिळतो. अनेक सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवरील टीव्हीच्या बटणाला चालू-बंदचा संकेत शिकविता येतो. तेवढे केले तरी एकाच रिमोटवर काम भागते. बहुतेक संचांच्या खालच्या कडेला किंवा पाठीमागे एक बटण असते. घरातील वडीलधाऱ्यांचा हात धरून ते एकदा दाखवावे. वायफायवर जोडलेला फोन विकायचा असेल किंवा कोणाला द्यायचा असेल, तर आधी त्याची जोडणी काढून टाकावी. सभागृहात मात्र रिमोट एकच असावा, त्याची जागा ठरलेली असावी आणि पाळीचा कागद त्याच्या शेजारी लावलेला असावा.

आम्ही आईसाठी नवा रिमोट आणला. फडताळाच्या खिळ्याला दोरी बांधून तो अडकवला. संचाच्या खालचे बटण दाखविले, तेव्हा तिने ते तीनदा दाबून पाहिले आणि म्हणाली, "एवढंच होतं व्हय? मग आधी का नाही सांगितलं?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. शाळेने आम्हांला जे शिकविले ते इतरांना शिकवावे, असे आम्ही व्यासपीठावरून पुष्कळदा बोललो. घरात मात्र आईला शिकविण्याऐवजी आम्ही स्वतःच करून मोकळे झालो होतो. शिकलेल्या माणसाच्या हातून असे होणे सोपे आहे, कारण स्वतः केले की काम लवकर उरकते आणि कौतुकही होते.

या सुटीत घरी जाल तेव्हा फोनवरून टीव्ही अवश्य लावा. मात्र निघण्यापूर्वी फोन बंद करून खिशात ठेवा, संच बंद करा आणि आईला किंवा आजीला तो लावायला सांगा. त्यांच्या हाताने तो लागला, तरच निरोप घ्या.