आजीची रजा

आमच्या घरातल्या साडेतीन वर्षांच्या बाईसाहेबांनी श्रावणात एका संध्याकाळी माझ्याकडे तक्रार गुदरली. "आई, आजी पुस्तकातली गोष्ट सांगतच नाही. चित्र वेगळं आणि गोष्ट वेगळी!"

मला कौतुकच वाटलं. चित्रात ससा असावा आणि सासूबाईंनी माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगावी, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. मी हसले आणि कुकर लावायला गेले.

आठ दिवसांनी रेशनकार्ड शोधताना त्यांच्या साड्यांच्या घडीखाली डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद सापडला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्याची शस्त्रक्रिया लवकर करावी. तारीख आदल्या वर्षीच्या आषाढातली. तेरा महिने तो कागद तिथं होता, आणि अक्षरं दिसत नाहीत म्हणून सासूबाई चित्रांवरून अंदाजानं गोष्टी रचत होत्या.

"आई, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"अगं, तुझी रजा कुठं शिल्लक होती? डॉक्टर म्हणाले, काही दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. मग हिला कडेवर कोणी घ्यायचं?"

रजा! हा शब्द माझ्या डोक्यात घर करून बसला. १९६१ च्या कायद्यानं नोकरीतल्या बाईला बाळंतपणाची १२ आठवड्यांची रजा दिली. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. मीही ती घेतली, आणि ज्यांनी ती मिळवून दिली त्यांना मनोमन दुवाही दिला. ५० किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय असावी, असंही त्याच वेळी ठरलं. आता डोंबिवलीचं तान्हं मूल सकाळच्या फास्ट गाडीच्या गर्दीतून मुंबईच्या पाळणाघरापर्यंत कोणी आणि कसं न्यायचं, ते मात्र कायद्यानं आपल्यावर सोपवलं आहे!

आगगाडी १८५३ साली ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला आली. तेव्हापासून हळूहळू इकडच्या माणसांचं घर एका गावी आणि पोट दुसऱ्या गावी असं होत गेलं. कल्याणहून मुंबई सुमारे ५४ किलोमीटर. जाऊन येऊन दिवसाचे अडीच-तीन तास रुळांवरच जातात. गाडीत टेकायला जागा मिळाली की आमच्या डब्यातल्या कितीतरी जणींचा पहिला फोन घरी असतो. "उठला का? दूध प्यायला का?" पलीकडून उत्तर देणारा आवाज बहुतेक वेळा आजीचा.

सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या आपल्या घराला कुलूप लावून बाळंतपणासाठी तीन महिन्यांच्या बोलीनं आल्या होत्या. दारचं तुळशीवृंदावन शेजारणीवर सोपवलं, भजनी मंडळातली पेटी दुसरीकडे गेली. तीन महिन्यांची साडेतीन वर्षं झाली. दोन्ही पाय पसरून त्यावर बाळाला न्हाऊ घालण्यापासून परवा बालवर्गाचा डबा भरण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं.

बाळगुटीवरून मात्र आमचं वाजलं होतं. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सासूबाईंची दोन्ही मुलं तर गुटीवर वाढलेली. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी सहाण, वेखंड, जायफळ सगळं फडक्यात बांधून माळ्यावर गेलं. "डॉक्टर शिकलेले आहेत," एवढंच त्या बोलल्या. तेव्हा मला मी जिंकल्यासारखं वाटलं. आज वाटतं, साठीनंतर आपलं शास्त्र असं गुंडाळून ठेवणं मला जमेल का?

या साऱ्याचा विचार करताना ताराबाई मोडकांची आठवण झाली. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि आता पालघर जिल्ह्यात गेलेल्या बोर्डीला त्यांनी १९४५ साली बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडला गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांवर त्यांना दिसलं की, आईबाप मजुरीला गेले की धाकट्या भावंडांना मोठी मुलं सांभाळतात आणि त्यांची शाळा बुडते. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा जवळजवळ आणल्या. मूल सांभाळायला कोणाचा तरी दिवस लागतो, हे त्यांनी नेमकं ओळखलं. तिथं तो थोरल्या बहिणीचा जात होता. आमच्या घरी आजीचा जात होता, आणि त्याला आम्ही 'आजीला नातीचा लळा आहे' असं म्हणत होतो.

लळा आहेच, खोटं नाही. पण लळा आहे म्हणून गुडघे दुखायचे थांबत नाहीत. चारचौघांत "आमच्या आईंमुळे निभावलं" असं मी शंभरदा म्हटलं असेल. "आई, तुम्हांला काय हवं?" असं एकदाही विचारलं नव्हतं.

भाद्रपदात गणपती गेल्यावर उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. एक आठवडा ह्यांनी रजा काढली, एक आठवडा मी. पुढं पंधरा दिवस दुपारपुरतं गल्लीतलं पाळणाघर गाठलं. महिन्याचा जमाखर्च थोडा कोलमडला, पण आभाळ कोसळलं नाही. तेरा महिन्यांपूर्वीही कोसळलं नसतं. आता रविवार आजीचा, असंही ठरलं आहे. पहिल्या रविवारी त्या गोंधळल्या. "मग मी करू तरी काय?" दुसऱ्या रविवारी कल्याणच्या मामेबहिणीकडे गेल्या आणि रात्रीचं जेवूनच परतल्या.

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीची तरुण मंडळी नटूनथटून फडके रोडवर जमतात. दरवर्षी आम्ही दोघं जायचो आणि आजी नातीला घेऊन घरी. यंदा त्या नवी साडी नेसून गणेश मंदिरात जाणार आहेत, मैत्रिणींबरोबर. फराळाची ताटं आम्ही मांडू.

परवा रात्री बाईसाहेब पुन्हा तक्रार घेऊन आल्या. चेहरा अगदी पडलेला.

"आई, आजी आता पुस्तकातलीच गोष्ट सांगते. तिला म्हशीची सांगायला सांग ना!"