ए मिळाला, सरासरी घसरली

अमेरिकेतल्या अनेक हायस्कुलांत मुलांच्या गुणपत्रकावर दोन जीपीए, म्हणजे ग्रेडच्या सरासऱ्या, छापतात, आणि न्यू जर्सी असो की बे एरिया, मराठी घरांत चर्चा होते ती त्यातल्या मोठ्या आकड्याची. साध्या, म्हणजे अनवेटेड हिशेबात ए ला 4, बी ला 3. विषय अवघड होता की सोपा, याची दखल नाही. वेटेड हिशेबात एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, विषयाला बहुतेक शाळा एक गुण वाढवून देतात, त्याखालच्या ऑनर्स विषयाला पुष्कळ ठिकाणी अर्धा. एपी केमिस्ट्रीशी झुंजून बी मिळवणारी मुलगी मागे पडू नये, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे.

पण हाच हिशेब कलेच्या मुळावर येतो. पाच एपी विषय, पाचांतही ए: सरासरी 5. आता या मुलीने सहावा तास ऑर्केस्ट्राचा घेतला, रोज व्हायोलिन घासलं आणि तिथेही ए मिळवला. त्या विषयाला जादा गुण नाही, म्हणून 29 भागिले 6, सरासरी 4.83. तोच तास तिने रिकामा ठेवला असता तर 5 कायम! टेक्सासात 1997 च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळू लागला. ऑस्टिनच्या विद्यापीठात तर ही मर्यादा त्याहून कडक आहे. वर्गातला क्रमांक वेटेड सरासरीवर लागत असेल, तर तिथे हा फरक सोसवत नाही आणि व्हायोलिन कपाटात जातं. आपल्याकडे दहावीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे, शास्त्रीय नृत्य-गायनाचे गुण वाढवून मिळतात. इथे नेमकं उलटं.

आणि एवढं करून विद्यापीठं शाळेचा आकडा जसाच्या तसा घेतात असंही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ दहावी-अकरावीच्या ठरावीक विषयांवरून स्वतः सरासरी काढतं आणि जादा गुण फार तर आठ सत्रांपुरतेच धरतं. म्हणजे दहावा, अकरावा एपी केवळ आकड्यासाठी घेतला, तर तिथे त्याने आकडा वाढत नाही.

काही शाळा संगीत आणि चित्रकला क्रमांकाच्या हिशेबातून वगळतात. बाकीच्यांनीही ते करावं, अशी मागणी पालकांनी लावून धरली पाहिजे. स्कूल बोर्डाच्या सभा खुल्या असतात. पुढच्या वर्षीचे विषय निवडण्याआधीच्या सभेला जाऊन हे 4.83 चं गणित तिथे मांडा.